मुळा, कोथिंबीर आणि सतीवा मॅडम

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मराठी मी शिकलो ती जबलपूरच्या रांझीतल्या दोन खोल्यांत, बोलता बोलता. शाळा सगळी हिंदीत झाली. त्यामुळे आपल्या मंडळाच्या अंकासाठी ‘कुणा आवडत्या माणसावर लिही’ असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आम्ही पोरं ज्यांना सतीवा मॅडम म्हणायचो, त्यांच्यावर लिहावं असे कितीतरी विद्यार्थी आहेत, मोठमोठ्या जागी बसलेले. पण नागपूरची बातमी आली ती माझ्या फोनवर. म्हणून हे धाडस. मध्येच कुठं ‘करून राहिलो’ निसटलं तर घरचा मुलगा समजून सोडून द्या.

मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि वर्गात कुठल्याही भाजीला अर्ध्या नावानं हाक मारायच्या नाहीत. माणसांची नावं खुशाल विसरायच्या. प्राचार्यांना एकदा भर सभेत त्या ‘अहो, हे’ म्हणाल्या होत्या. पण तासाला मुळ्याला नुसतं मुळा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या पहिल्या तासाला त्या कापडी पिशवी घेऊन आल्या, तिच्यातून पानांसकट एक लांबलचक मुळा काढला आणि टेबलावर आडवा ठेवला.

“ये क्या है?”

“मूली, मैडम,” सगळा वर्ग म्हणाला.

“पूरा नाम?”

मागच्या बाकावरून दीपक म्हणाला, “सफेद मूली.”

“कोई तुम्हारे घर आकर पूछे कि यहाँ कौन रहता है, तो क्या बोलोगे? लंबा लड़का रहता है? इसका भी पूरा नाम है. राफानुस सतीवुस. चलो, उठकर नमस्ते करो.”

आम्ही खरंच उठलो. सगळा वर्ग मुळ्यासमोर हात जोडून उभा आणि दारातून प्राचार्य बघताहेत, असं ते दृश्य होतं. प्राचार्य काही न बोलता पुढं गेले. मॅडमच्या वर्गावरून जाताना काही न बोलणं त्यांना सवयीचं झालं असावं.

बाकीचे सर ते नाव इंग्रजी वळणानं ‘सटायव्हस’ असं म्हणत. मॅडमना ते सहन व्हायचं नाही. रोममधली माणसं तसं बोलत नव्हती, त्या सांगत, जणू कालच तिकडून परतल्या होत्या. मात्र परीक्षेचा विषय निघाला की आवाज खाली आणून म्हणत, “बाहेरून आलेले परीक्षक सटायव्हस म्हणाले तर तुम्हीही तेच म्हणा. मार्क त्यांच्या हातात असतात. मनातल्या मनात फक्त बरोबर म्हणा.”

सतीवुस हे विशेषण आहे हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं आणि माझी पंचाईत झाली. लॅटिनमध्ये नामाचं लिंग बदललं की विशेषणाचा शेवट बदलतो. मुळा पुल्लिंगी, म्हणून सतीवुस. भात तिथं स्त्रीलिंगी, म्हणून ओरिझा सतीवा. लसूण नपुंसकलिंगी, म्हणून अल्लियुम सतीवुम. दीपकनं विचारलं, “मैडम, दो तो समझ गए. अच्छा, अच्छी. ये तीसरा कहाँ से लाएँ?”

“तीसरा नहीं है ना तुम्हारे पास?” मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “यहाँ कोई मराठीवाला बैठा है?”

मी मान खाली घातली. शाळेत माझ्या मराठीची इतकी नक्कल झाली होती की घराबाहेर मी ती खिशातच ठेवायचो. पण मॅडमनी हजेरीपटावरचं माझं आडनाव बघून ठेवलं असावं.

“गजानन, उठ. ‘अच्छा’ला तुझी आई काय म्हणते?”

“चांगला,” मी पुटपुटलो.

“पुढं?”

“चांगली. चांगलं.”

“सुन लिया?” त्या वर्गाकडं वळल्या. “तीनों इसके घर में पड़े हैं. मुफ़्त में.”

त्या दिवशी मधल्या सुट्टीत दीपकनं मला समोसा खाऊ घातला आणि म्हणाला, “यार, वो तीसरा वाला फिर से बोल.” मी ‘चांगलं’ म्हणालो. तोवर माझ्या मराठीचं एवढं कौतुक कुणी केलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता लॅटिन आपल्या घरचंच. कोथिंबीर ती, म्हणून मी वहीत ऐटीत सतीवा लिहिलं. मॅडमनी लाल रेघ ओढली. “कोथिंबीर तुझ्या घरी ती असेल. रोममध्ये ते कोरिआन्द्रुम आहे. विशेषणाला स्वतःचं मत नसतं, गजानन. नाम जिकडं, विशेषण तिकडं. प्राचार्यांच्या मागं आमचे हेडक्लार्क फिरतात ना, तसं.”

पण त्या शब्दाचा अर्थ सांगताना त्या चेष्टा करत नसत. सेरो म्हणजे मी पेरतो. त्यातून सतुस, म्हणजे पेरलेला. त्याला मागं ‘ईवुस’ लागलं की सतीवुस, पेरून येणारा, पेरायच्या जातीचा. इंग्रजीतला सीझन हा शब्दही त्याच घरातला, मुळात पेरणीची वेळ. हे फळ्यावर लिहून झालं की त्या हात झटकून म्हणायच्या, “ज्यानं हे विशेषण लावलं त्याच्यासमोर दोन रोपं असतील. एक रानात आपलं आपण उगवलेलं, दुसरं कुणीतरी हातानं घातलेलं. दुसऱ्याला त्यानं सतीवुस म्हटलं. म्हणजे नाव भाजीचं आहे, पण त्या नावात एक माणूस वाकून उभा आहे.”

मला तेव्हा वाटायचं की आपण पहिल्या प्रकारचे, रानातले. माझ्या पुस्तकातलं एक अक्षर घरात कुणाला कळत नव्हतं. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तसा मी कॉलेजात उगवलो होतो आणि कधी कोण उपटेल याचा नेम नव्हता. एकदा धीर करून मी मॅडमना तसं म्हणालोही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “ते तू ठरवणार? झाडानं स्वतःचं नाव ठेवलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.”

आता आमच्या ठेल्याची गोष्ट. बाबा रांझीला भाजीचा ठेला लावतात. पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात परीक्षा जवळ आली तेव्हा पाठ व्हावं म्हणून मी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर ही नावं इंग्रजी अक्षरांत रंगवली आणि काड्यांना लावून भाज्यांमध्ये खोचली. मुळ्याच्या जुडीत एक, काकडीत एक, लसणात, कोथिंबिरीत, मटारात. ठेल्यावर बसून अभ्यास करायचा, एवढाच विचार.

संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटली आणि मोटरसायकली थांबायला लागल्या. “भैया, ये कौन सी वैरायटी है?” एकानं विचारलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “कॉलेज की.” अंधार पडायच्या आत मुळे संपले. दुसऱ्या दिवशी एक जण खास चौकशी करत आला, बायकोनं कालचीच कॉलेजवाली कोथिंबीर आणायला सांगितली होती. शेजारचा टमाटरवाला माझ्या मागं लागला, “मेरे लिए भी एक सतीवा लिख दे, बेटा.” टमाटर सतीवा नसतो, असं मी त्याला परोपरीनं सांगितलं. तो रुसला. बाबा मला म्हणाले, “लिहून दे ना रे! तुझं काय जाते?”

ही बातमी दीपकनं मॅडमपर्यंत पोचवली. विजय नगरहून स्कूटी हाणत त्या आमच्या ठेल्यावर आल्या. मी तेव्हा पाणी आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर मॅडम नाकावर चष्मा चढवून एकेक पाटी तपासताहेत आणि बाबा हात जोडून उभे. त्यांना वाटलं होतं की कुठल्या तरी खात्याच्या साहेबीणबाई तपासणीला आल्या.

“मॅडमजी, माझ्या मुलानं लावल्या पाट्या. मला तर वाचताही येत नाही हे,” बाबा म्हणत होते.

“गुन्हा मोठा आहे, भाऊ,” मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. “कोथिंबिरीला पुन्हा सतीवा लिहिलंय.” पर्समधून पेन काढून त्यांनी शेवटचं अक्षर खोडलं आणि तिथं बरोबर शेवट लिहिला.

“दंड किती होईल?”

“एक जुडी मुळा. पानांसकट.”

तेवढ्यात मी पोचलो आणि “नमस्ते, मॅडम” म्हणालो. बाबांच्या जिवात जीव आला. त्यांनी हळूच विचारलं, “पण मॅडमजी, लिहिलं काय आहे याच्यावर?”

“पेरलेलं. कुणीतरी हातानं पेरलेलं.”

“बस? एवढंच? मी समजून राहिलो होतो, विदेशी काही असंल!”

तेव्हापासून मॅडम दर रविवारी आमच्याकडून भाजी नेऊ लागल्या. पाट्या बाबांनी काढू दिल्या नाहीत. कुणी विचारलं तर ते आता स्वतःच सांगत, “सतीवा मतलब बोया हुआ,” आणि वर, “रोम की भाषा है,” असंही.

जानेवारीत, मटार भरात आला की मॅडमच्या घरी पुलाव व्हायचा. त्यांची ही रीत जुनी होती. पुलावात भात, मटार, लसूण, कोथिंबीर, बाजूला काकडी आणि मुळा. ताटात जे पडेल ते सगळं याच एका विशेषणाचं. ज्यानं त्यानं आपल्या ताटातल्या वस्तूचं पूर्ण नाव, शेवट बरोबर लावून म्हणायचं, मग घास घ्यायचा. चुकला की तो जिन्नस शेजाऱ्याच्या ताटात. त्या वर्षी माझ्या ताटात दीपकचा सगळा मटार जमा झाला. तो वाद घालत होता, “मैडम, मैंने पढ़ा है, मटर का नाम अब बदल गया है. नए नाम में सतीवुम है ही नहीं.” मॅडमनी डाव खाली ठेवला. “बदला होगा. जबलपुर की मटर से किसी ने पूछा था? इस घर में वो पिसुम सतीवुम ही रहेगी.”

पुलावानंतर नावं ठेवायचा कार्यक्रम. मॅडम प्रत्येकाला एक लॅटिन विशेषण द्यायच्या. दीपक कायम कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागं लटकलेला असायचा, म्हणून तो दीपकुस पेन्दुलुस, म्हणजे लोंबणारा. रोज उशिरा येणाऱ्या एका मुलीला रेपेन्स मिळालं, म्हणजे सरपटत येणारी. सगळे हसून लोळत होते आणि मी माझी पाळी यायची वाट बघत होतो. कुठलंही नाव चाललं असतं. शाळेत मला मिळालेली नावं याहून वाईट होती.

माझ्यापाशी येऊन मॅडम थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “याला अजून फूल नाही आलं. फूल बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे.”

“पण मॅडम, यांना तर दिलं तुम्ही!”

“यांची नुसती पानं बघूनच कळतं रे.”

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो, पण घरी जाताना बसमध्ये मला ते लागलं होतं. वर्गात एकटा मीच बिननावाचा उरलो होतो.

फेब्रुवारीत बाबांनी माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं. ओळखीच्या एकानं खमरियाला एका ठेकेदाराकडं माझ्यासाठी शब्द टाकला होता. बाबांचा राग नव्हता, हट्टही नव्हता. आपल्यासारख्यांनी एवढंच शिकायचं असतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत आलं होतं. रविवारी मॅडम मुळे निवडत असताना बाबांनी विषय काढला.

“मॅडमजी, परीक्षा झाली की गजूला कामाला लावून राहिलो.”

मॅडम मुळ्याची पानं झटकत राहिल्या. “काहून?”

“एक वर्ष शिकला, लय झालं. आमच्यात कोण शिकलं? हा आपला आपण शिकला. आम्ही काय केलं त्याच्यासाठी?”

“पहाटे मंडीत कोण जातं, भाऊ?”

“मी जातो.”

“याला उठवता सोबत?”

“नाही बा. त्याचा अभ्यास असते. झोपू देतो.”

“मग आपला आपण कसा शिकला?” मॅडम म्हणाल्या. “पेरलेलं कोणतं आणि आपोआप आलेलं कोणतं, हे मी तुम्हाला सांगू?”

पण भाजीवाल्याला बोलण्यात हरवणं सोपं नसतं. त्यांनी एक मुळा उचलून धरला. “पेरलं तरी वेळेवर उपटावंच लागते, मॅडमजी. जमिनीत ठेवून काय करायचं याला?”

मला वाटलं, संपलं.

“आणि याचं बी कुठून येतं?” मॅडमनी विचारलं.

बाबांचं लहानपण भंडाऱ्याकडच्या शेतात गेलेलं. ते म्हणाले, “बीवाले थोडे मुळे उपटत नाहीत. राहू देतात. मग फूल येते, शेंगा धरते.”

“तो मुळा खायला कसा लागतो?”

“तो कसा खाता येईल? लाकूड होते त्याचं!”

“म्हणजे नुकसानच.”

“नुकसान कसं? त्या एकाच्या बियांवर तर पुढच्या साली सगळा वाफा...” आणि बाबा थांबले. हातातल्या मुळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मॅडमकडं. “तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं, मॅडमजी.”

“फूल येईपर्यंत राहू द्या,” मॅडम म्हणाल्या आणि जुडी पिशवीत टाकली. “मग मी बघते.”

ठेकेदाराकडं दुसरा मुलगा लागला. मी दुसऱ्या वर्षाला गेलो. जानेवारीत पुलावाला मॅडमनी माझ्याकडं बघून फक्त विचारलं, “कळी तरी आहे का?” तिसऱ्या वर्षी तेवढंही नाही. ठेल्यावर मात्र बाबा दर रविवारी विचारायचे, “काय म्हणते आमचं झाड?” आणि मॅडम “पाणी घालत राहा” म्हणून स्कूटीला चावी लावायच्या.

माझा निकाल लागायच्या आधीच मॅडम निवृत्त झाल्या आणि नागपूरला भाचीकडं राहायला गेल्या. निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांना शाल दिली, तेव्हा त्यांनी शालीवरची फुलाची बुट्टी चष्म्याजवळ नेऊन बघितली आणि माइकवर म्हणाल्या, “इस फूल में पंखुड़ियाँ ग़लत हैं.” तेवढंच भाषण.

मी पास झालो. चांगल्या मार्कांनी झालो. मॅडमना फोन केला तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारी उभ्या बाबांनाही ऐकू आलं. “मॅडम, आता नाव?” मी विचारलं.

“नाव फोनवर ठेवतात का रे? फूल समोर आण. दसऱ्याच्या सुट्टीत ये. बाबांना म्हणावं, मुळे पाठवा.”

दसऱ्याच्या आधीच फोन लागेनासा झाला. घंटा जायची, कुणी उचलायचं नाही. पुढं पुढं घंटाही जाईना. नागपूरचा पत्ता माझ्याकडं नव्हता, कॉलेजातही कुणाकडं नव्हता. मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. ठेल्यावर पुन्हा हिवाळ्याचे मुळे आले. रविवारी बाबा एक जुडी बाजूला काढून ठेवायचे आणि संध्याकाळी मुकाट्यानं विकून टाकायचे.

मग एका संध्याकाळी, पाळी सुटून ठेल्यावर गर्दी असताना, मॅडमच्याच नंबरवरून फोन आला. आवाज दुसऱ्या कुणा बाईंचा होता.

“तुम्ही गजानन मुळा का हो?”

माझं आडनाव मुळा नाही. पण मॅडमच्या फोनमध्ये मी त्याच नावानं असणार हे लगेच कळलं. मी हो म्हणालो. त्या मॅडमच्या भाची होत्या. मॅडमना दसऱ्याच्या आधी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आता आवाज फुटतो, पण नुसतं काहीतरी अगडबगड. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते, भाज्यांच्या, धान्यांच्या चित्रांची कार्डं दाखवते, हे काय म्हणून विचारते. मावशी एकही नाव सांगत नाही.

“सगळे म्हणतात, आता तिला काही समजत नाही,” भाची म्हणाल्या. “पण भैया, एका कार्डाला ती रोज तेच म्हणते. आणि आम्ही ‘नाही’ म्हटलं की चिडते. ती मुलगीच म्हणाली, कुणी जुन्या ओळखीचं असेल तर ऐकवून बघा. हा फोन इतके दिवस बंद पडून होता, आज चालू केला. तुम्ही एकदा ऐकता का?”

त्यांनी फोन जवळ नेला. मी माझा स्पीकर लावला. बाबांनी गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं.

आधी नुसता श्वास. मग एक जड, ओढत आलेला आवाज. “राफानुस... सतीवुस.”

“ताई,” मी म्हणालो, “ते मुळ्याचं कार्ड आहे का?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“दुसरं दाखवा.”

“कोरिआन्द्रुम सतीवुम.”

“कोथिंबीर.”

“ओरिझा सतीवा.”

“तांदूळ.”

मग मटाराचं कार्ड आलं असावं. मॅडमनी वेळ घेतला. मी मनात म्हटलं, नवं नाव सांगतात की काय. पण आलं ते जुनंच. “पिसुम सतीवुम,” आणि त्याच्यामागं घशातल्या घशात हसू. तेव्हा माझी खात्री झाली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या, आणि अजून कुणाचं ऐकणार नव्हत्या.

“ताई, सगळं बरोबर आहे,” मी ओरडलोच. “एकूण एक बरोबर आहे. शेवटसुद्धा बरोबर लावताहेत!”

भाची रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. मागं ती शिकवणारी मुलगी म्हणत होती, “त्यांना म्हणावं, मला ही सगळी नावं सांगा.” मग भाचींचा आवाज लांबून आला. “मावशी, गजानन आहे फोनवर. रांझीचा गजानन.”

एक मोटरसायकल सुरू झाली, बाबांनी त्या माणसाकडं असं बघितलं की त्यानं ती बंद केली. मग तोच आवाज, एकेक अक्षर सुटं करत, हजेरी घेतल्यासारखा.

“गजाननुस...”

बाबांच्या हातातला मुळा तसाच हवेत राहिला.

“...सतीवुस.”

पलीकडं भाची गोंधळल्या होत्या. “भैया? ही कोणती भाजी आहे? असं कार्ड तर आमच्याकडं नाही.”

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“भाजी नाही, ताई,” ते म्हणाले. “माझा मुलगा आहे. पेरलेला.”